उंबऱ्यावर राहिलेलं गाणं

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचे दात दुखत असायचे. कामोठ्यात ज्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली होती, तिथे शेजारीच दातांचा दवाखाना होता आणि आम्हा दोघांत मिळून बाहेर एकच बाकडं. त्यावर नुसताच गालाला हात लावून बसलेली बाई माझी, आणि गाल खरोखर सुजलेली बाई डॉक्टरांची, अशी आमची वाटणी होती. एकदा माझ्या एका बाईशेजारी तिच्याच सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको येऊन टेकली. "अगो, तू इथे कशी?" आता काय सांगणार? बिचारी नंबर लागल्यासारखी उठली, डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसली आणि एक अक्कलदाढ काढून घेऊन घरी गेली. पुढच्या खेपेला मी विचारलं, "दाढ दुखत होती का हो?" तर म्हणाली, "छे! पण डॉक्टरांनी आ करायला सांगितल्यावर मागे कसं फिरायचं?"

मी बायकांना त्यांच्या लैंगिक अडचणींबद्दल समुपदेशन करत असे. हे वाक्य इतकं सरळ मी आयुष्यात फार कमी वेळा उच्चारलं आहे. साताऱ्याच्या भावाला सांगितलं होतं की मी 'महिलांच्या आरोग्याचं काहीतरी' करते, आणि तोही पुढे विचारण्याच्या भानगडीत पडला नाही. आता गुडघ्यांनी जिना नाकारला, खोली सोडली, त्यामुळे लिहायला हरकत नाही. माणसांची नावं अर्थातच बदलली आहेत.

हे काम बाहेरून वाटतं तितकं चटपटीत नाही. तपासणी माझी नव्हे, ती स्त्रीरोगतज्ज्ञांची. गोळ्या मी देत नाही. मी फक्त ऐकते, विचारते, शरीर कसं चालतं ते चित्र काढून सांगते आणि नवराबायकोला घरी करायला अभ्यास देते. चाळीस वर्षांच्या, दोन लेकरांच्या आईला तिच्याच शरीराची आकृती दाखवली की ती आधी दाराची कडी लागली आहे का बघते, मग चष्मा काढते, पुसते, पुन्हा लावते आणि म्हणते, "हे असं असतं होय!" असे क्षण पाहिले की मला आनंद होई आणि रागही येई. शाळेत आम्हाला बेडकाचं सगळं शिकवलं होतं.

बायका येतात त्या फार उशिरा. दुखतंय, नकोसं वाटतंय, भीती वाटते, काहीच वाटत नाही, यापैकी कशासाठीही त्या येत नाहीत. या गोष्टी बायकांच्या जातीला असायच्याच, अशी त्यांची समजूत. त्या येतात ते दुसऱ्या कुणाची तरी मुदत संपते तेव्हा. सासूला नातू हवा असतो, नवरा दुबईला जाणार असतो, जावेला दिवस गेलेले असतात. स्वतःसाठी आलेली बाई मला क्वचितच भेटली. धर्म, जात, शिक्षण कशानेही यात फरक पडत नाही. उलट शिकलेल्या जास्त अवघड.

महाप्याच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेली एक जण आली होती. बसल्या बसल्या तिने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. पडद्यावर एकामागून एक पानं सरकायला लागली. 'पार्श्वभूमी', 'सद्यःस्थिती', 'अडथळे', 'पुढील तिमाहीचं उद्दिष्ट'. नवरा 'इतर घटक' या पानावर होता, ट्रॅफिक आणि सासऱ्यांच्या टीव्हीच्या मधोमध. मी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" ती गोंधळली. म्हणाली, "मी प्रेझेंट करतेय ना!" त्या बाईला 'मला आवडतं' आणि 'मला आवडत नाही' ही दोन वाक्यं बोलायला पावसाळा जावा लागला.

पण मला आज सांगायचंय ते प्रणालीबद्दल. खरं तर तिच्या सासूबद्दल.

आषाढी होऊन गेल्यावर एका दुपारी माझ्या खोलीत एक अख्खी गाडी रिकामी झाली. नावड्याकडच्या एका गावातलं आगरी कुटुंब. पुढे सासू गुणाबाई, हिरवी नऊवारी, हातात डबा. मागे सून प्रणाली, पंजाबी ड्रेस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. तिच्यामागे नवरा निलेश, त्याचा जेसीबी भाड्याने देण्याचा धंदा, अंगाने आडवातिडवा आणि चेहरा पास होईल की नाही या विवंचनेतल्या पोरासारखा. मग निलेशची काकी. आणि सगळ्यांत शेवटी, जिना चढून धापा टाकत, केसांत अबोली माळलेली एक म्हातारी. माझ्याकडे खुर्च्या चार. निलेश उभा राहिला.

"या कोण?" मी म्हातारीकडे बघून विचारलं.

"ही ताराआजी. आमची धवलारीन," गुणाबाई म्हणाल्या. "लगीन हिनी लावलाय. मंग आता जबाब पन हिनीच द्यावा."

आगरी लग्नात हळदीपासूनचे सगळे विधी धवलारीण गाणी म्हणत करते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. भटजी अलीकडे आले, धवलारीण आधीपासूनची, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न पुरं झालं असं जुनी माणसं मानत नाहीत. हे मला ठाऊक होतं. पण एखादं यंत्र बिघडल्यावर बसवून देणाऱ्याला दुकानात घेऊन यावं, तसं धवलारणीला समुपदेशनाला आणलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं आणि नवराबायकोत संबंध होऊ शकला नव्हता. हे वाक्य अर्थातच कुणी उच्चारलं नाही. काकी म्हणाली, "त्यांचा जमत नाय." गुणाबाई म्हणाल्या, "मोठ्या डाकतरनीकडं नेली. ती बोलते, समदा नॉर्मल हाय. नॉर्मल हाय तर मंग ही नखरे कशाला करते?" आणि पुढे ताडकन, "गनपतीपर्यंत वाट बघीन. नायतर हिला म्हायेरी धारीन आन चार मानसांना बसवीन. माजा एकच पोर हाय, म्याडम."

प्रणाली खिडकीबाहेर बघत होती. तिच्या ओळखपत्रावरचा फोटो हसरा होता.

"आणि यांचं काय?" मी ताराआजीकडे वळले.

ताराआजी याचीच वाट बघत असावी. वरात दाराशी आली तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती, म्हणाली. दहाला पोलीस आवाज बंद करतात, म्हणून निलेशच्या मित्रांनी डीजेची गाडी थेट उंबऱ्यापुढे लावली आणि नवरी घरात घेतानाचं गाणं सुरू करणाऱ्या आजीला म्हणाले, तुम्ही जरा बाजूला बसा. नवरी दिव्यांच्या लखलखाटात आत गेली. आजी चपला शोधत राहिली.

"उंबऱ्यावरचा धवला ऱ्हायला," आजी म्हणाली. "मी तवाच बोललू, लगीन लागला नाय. मंग कसा जमल?"

गुणाबाईंनी मान खाली घातली. घरची चार मजली इमारत, दोन जेसीबी, आणि गाणं अर्धं टाकलं, याची त्यांना मनातून टोचणी होती. शास्त्र म्हणून मी यावर काय बोलणार! सगळ्यांना बाहेर बसवलं आणि प्रणालीला एकटीला आत ठेवलं.

ओळखपत्राची दोरी तिने बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "मॅडम, तो खूप चांगला आहे हो. मला पण हवंय. पण तो जवळ आला ना की माझं अंग आपोआप बंद होतं. मी करत नाही. होतं. आणि इतकं दुखतं की मी ओरडते, आणि मग तो रडतो." आणि मग, "मला घरी नाही जायचं मॅडम. म्हणजे आईकडे. मला इथेच राहायचंय. पण हे जमलं नाही तर कोण ठेवणार?"

वाचकांना समजावं म्हणून सांगते. डोळ्यांपुढे कुणी बोट नाचवलं की पापणी मिटते. मिटू नको म्हणून पापणीवर ओरडून उपयोग नसतो, आणि जबरदस्तीने उघडली तर पुढच्या वेळी ती आणखी लवकर मिटते. शरीराचे दुसरेही काही स्नायू असेच वागतात. लहानपणी कुणी घातलेली भीती असेल, पहिल्या रात्रीच्या ऐकीव गोष्टी असतील, कधी कधी काहीही कारण सापडत नाही. हा आजार बरा होतो, चांगला बरा होतो. पण उपचाराची पहिली पायरी ऐकून घरातली माणसं मला वेड्यात काढतात. कारण पहिली पायरी अशी की, संबंध पूर्ण बंद. प्रयत्नसुद्धा नाही. नुसतं बोलायचं, हात हातात घ्यायचा, आज काही 'व्हायचं' नाहीये ही खात्री शरीराला पटू द्यायची. त्याला महिने लागतात.

मी सगळ्यांना परत आत घेतलं आणि एवढंच सांगितलं की काही महिने दोघांनी जवळ जायचं नाही.

गुणाबाईंनी डबा मांडीवरून खाली ठेवला. "म्याडम, आमी नातवासाठी आलो आन तुमी सांगता, जवल जाव नको?"

"बरोब्बर हाय!" ताराआजी कडाडली. "लगीन लागला नाय तर जवल जातान कशे? आदी धवला पुरा होव दे!"

"मंग आज सांजच्याला गा ना तू!"

"आता? आखाडी गेली, चातुर्मास बसला. तुलशीचा लगीन लागल्याबिगर मी तोंड उघरनार नाय. आन डीजे आनलास तर तेवाबी नाय."

आजीला प्रणालीच्या आजाराशी काहीएक देणंघेणं नव्हतं. तिला डीजेचा सूड हवा होता. पण तुळशीचं लग्न म्हणजे दिवाळीनंतर. मला हवे होते तेवढे महिने ही बाई माझ्या पदरात टाकत होती, आणि तेही अशा अधिकाराने की जो माझ्या पदवीला त्या घरात कधीच मिळाला नसता. गाण्याने हा आजार बरा होत नाही, हे मी गुणाबाईंना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचा तुमी करा, तिचा ती करंल." गणपतीची मुदत तुळशीच्या लग्नावर गेली.

यापुढे जे झालं ते कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नाही. लग्न लागलेलं नाही म्हटल्यावर काकीच्या हिशेबाने प्रणाली पुन्हा नवरी झाली. नवरीने एकटीने घराबाहेर पडायचं नसतं, म्हणून कंपनीच्या बसपर्यंत तिला सोडायला काकी जाऊ लागली. नवरीने भांडी घासायची नसतात, म्हणून गुणाबाई करवादत स्वतः घासू लागल्या. निलेशची रवानगी चौथ्या मजल्यावर झाली, तिथे फरशी बसायची होती आणि सिमेंटच्या गोण्या होत्या. सव्वा वर्षाचा नवरा गोण्यांशेजारी गादी टाकून झोपायला लागला.

दर आठवड्याला प्रणाली माझ्याकडे यायची, एक आड एक आठवडा निलेशसुद्धा. श्वासाचे व्यायाम, स्वतःच्या शरीराची ओळख, भीती कागदावर नाही तर तोंडाने सांगणं. निलेश एकदा म्हणाला, "मॅडम, मित्र बोलले होते जोर लावावा लागतो. मी जेसीबी चालवतो, मला जोराचं काय कौतुक! पण मला वाटलं, असंच असतं." त्या मित्रांना एका रांगेत उभं करून मला बोलायचं होतं. तशी संधी आली नाही, याची मला आजही हळहळ आहे.

श्रावण संपता संपता गुणाबाई एकट्याच जिना चढून आल्या, लालबुंद होऊन.

"म्याडम, आता तुमीच समजवा. ती दोगा सांजच्याला गच्चीवं पान्याच्या टाकीमागं बसतान!"

"काय करतात?"

"हातान हात घालून बसतान. हसतान. वरतून शेंगा खातान. शेजारची बोलली मना, तुजे गच्चीवं कोनाची तरी पोरा लपून बसलीन. लगनाआदी असा बरा दिसतं का?"

मी पंचवीसएक वर्षं हे काम केलं. लोकांनी मला रात्री-बेरात्रीचे, नाही नाही ते प्रश्न विचारले आणि मी कधी चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. त्या दिवशी मात्र मी पाणी आणायच्या निमित्ताने आतल्या मोरीत गेले आणि पदर तोंडात कोंबून हसले. स्वतःच्या सुनेने स्वतःच्या मुलाचा हात धरला, ही तक्रार घेऊन एक सासू लैंगिक समुपदेशकाकडे आली होती, आणि ती तक्रार म्हणजे आमचा उपचार लागू पडत असल्याचा पहिला पुरावा होता.

बाहेर येऊन मी म्हटलं, "गुणाताई, हात धरू द्या. तेवढं चालतं."

"तुमच्या शास्त्रान बसतं?"

"बसतं."

"मंग बसू दे," त्या म्हणाल्या. पण लगेच उठल्या नाहीत. पदराने मान पुसत राहिल्या. "हसतान मातर लय," म्हणाल्या, "आमाला नवता म्हायती लगनान हसतान पन." मग त्यांनी सोबत आणलेल्या डब्यातली वालाची खिचडी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या.

दिवाळीपर्यंत प्रणाली पुष्कळ सावरली. भीती ओसरत होती. पण ओसरत होती, गेली नव्हती. तिने स्वतःच सांगितलं, "मॅडम, अजून थोडं. मला कळतंय आता माझं मला. पण अजून थोडं." आणि तुळशीचं लग्न तर अंगणात येऊन ठेपलं.

मला त्या राहिलेल्या धवल्याचं आमंत्रण आलं. समुपदेशकाने असं घरी जाऊ नये, असा संकेत आहे. पण प्रणालीचा फोन आला, "मॅडम, याच, प्लीज. इथे काहीतरी वेगळंच चाललंय." गेले. शेजाऱ्यांना प्रणालीच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणून माझी ओळख करून देण्यात आली.

दारात केळीचे खांब, रांगोळी, डीजे नाही. ताराआजी नवं लुगडं नेसून उंबऱ्याच्या बाजूला पाटावर बसलेली, जिंकलेल्या मुद्रेने. गल्लीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. मला वर नेऊन काकीने कौतुकाने एक खोली दाखवली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढला होता, चहूबाजूंनी फुगे, उशाशी केशराचं दूध. "आज समदा पुरा होनार," काकी म्हणाली. "शेजारच्यांना पन सांगितलाय. उद्याला गोड जेवन." म्हणजे आज काय व्हायचं आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि उद्या त्याचा निकाल लागणार होता. इतक्या महिन्यांत बांधलेलं सगळं या एका रात्रीत मोडेल, अंग पुन्हा मिटेल, आणि मग गुणाबाईंच्या शब्दाप्रमाणे ही मुलगी माहेरी जाईल. कारण आता गाणंही पुरं झालेलं असेल, मुदत मागायला काही उरलेलं नसेल.

खाली प्रणाली पिवळी साडी नेसून उंबऱ्याबाहेर उभी होती. शेजारी निलेश. तिने माझ्याकडे बघितलं, मी नुसती मान हलवली. आणखी काय करणार?

ताराआजीने गळा उघडला. म्हातारीचा आवाज चिरका, पण गल्ली गप्प झाली. गाण्यात घर नवरीशी बोलतं. बाय, तू कुठल्या गावाची? बाय, तुझे आईबाप कोण? बाय, आत यायला तुझी खुशी आहे का? प्रत्येक प्रश्नावर आजी थांबायची आणि दारातल्या बायका सुरात नवरीच्या वतीने उत्तर द्यायच्या. रीतच तशी. तिसऱ्या प्रश्नाला बायकांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात प्रणालीने हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "माजा मी सांगते."

निलेशने तिचा हात धरला, सगळ्यांदेखत.

"घरान याला माजी खुशी हाय. लय खुशी हाय. पन वरच्या खोलीन आज नाय. मना आजून येल लागंल. कवा ते मी सांगीन. निलेशला ठावं हाय."

ताराआजी पुढचं कडवं विसरून आ वासून बसली. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि मग सगळ्याच गुणाबाईंकडे. मीही. त्या बाईच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं, ते मला वाचता येईना.

काकीला राहवेना. "ही कंची रीत? नवरीला कोन इचारतं? अशी उलटून बोलली तर ठेव तिला बाहेरच, सकाली म्हायेरी धार!"

गुणाबाई पुढे झाल्या. त्यांनी प्रणालीचं मनगट धरलं आणि तिला उंबऱ्यावरून आत ओढून घेतलं, निलेशसकट. मग काकीकडे वळल्या.

"तुला कोनी इचारला नवता," त्या म्हणाल्या. "मनापन कोनी इचारला नवता. हिला इचारलाय. आता ती बोलते ता आयकाचा."